मेटॅडोरमधला पिठाचा खण

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी आतापर्यंत नुसती वाचक होते, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचायचे. मी नंदुरबारला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी चकवा, झपाटणं असलं काही काढलं की मी त्याला फळ्याजवळ बोलावते आणि म्हणते, काढ बघू आकृती! तेव्हा भोळीभाबडी म्हणून माझं बोलणं सोडून देऊ नका. जे सांगणार आहे ते मी भर दुपारी, भरल्या ओट्यावर, सगळ्या भाऊबंदांसमोर पाहिलं. त्याची आकृती मला अजून काढता आलेली नाही.

आधी गाडीबद्दल सांगते. आजची मुलं जिला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि रील्स बनवतात, तसल्या गाडीत माझं लहानपण गेलं. तेव्हा तिला असलं काही फॅन्सी नाव नव्हतं. ती आमची मेटॅडोर होती. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे एका बाजूला झोपायचा पाट, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह, त्याखाली आईचा पिठाचा खण आणि वर टपावर विकायची भांडी. आज खांडबाऱ्याचा बाजार, मग नवापूर, मग खापर — बाजार असेल तिथे दुकान आणि दुकान असेल तिथेच घर.

हौस म्हणून कुणी गाडीत संसार मांडत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रनाळ्याच्या चांगल्या बागायतदार घरातले. आई खांडबाऱ्याकडची कोकणी, म्हणजे आदिवासी. अण्णांनी तिच्याशी लग्न केलं आणि त्यांच्या थोरल्या भावाने — आमच्या मोठ्या बाबांनी — घराचं दार लावून घेतलं. भाड्याने खोली बघायला गेलं तर मोठ्या बाबांचा निरोप आधीच पोचलेला असायचा. शेवटी अण्णांनी जुनी मेटॅडोर घेतली. चाकांवरच्या घराला कोण नाही म्हणणार?

आता कानबाईचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई ही देवी बसते आणि तिचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, होतात. आमच्या भाऊबंदांत त्या रोटाचा गहू आदल्या दिवशी मुठीने मोजतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं, सुपाशी बसून त्याच्या नावाची मूठ सुपात टाकायची. नोकरीला सुरतेला असो की सैन्यात, मूठ चुकत नाही. तान्ह्या मुलाचीसुद्धा असते. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही. माणूस मेला की त्याची मूठ बंद होते.

मोठ्या बाबांनी अण्णांची मूठ अण्णा जिवंत असताना बंद केली.

"मन्हासाठे सदा मरी गया," अण्णांचं नाव घेऊन एवढंच म्हणाले आणि सूप पुढच्या नावाकडे सरकवलं. अण्णांना हे कुणीतरी बाजारात सांगितलं, भांडी घेता घेता. आई मला सांगायची की त्या दिवशी अण्णांनी एक घागर विकली आणि तिच्याबरोबर नुसती बघायला दिलेली परात परत मागायची विसरले.

तरी दर कानबाईला अण्णा पांढरे कपडे घालायचे आणि गाडी रनाळ्याच्या शिवेवर, कडुनिंबाखाली आणून लावायचे. बोलावणं येईल म्हणून. गावातून गाणी ऐकू यायची. अण्णा पायरीवर बसून राहायचे. आई आत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची. त्या दिवशी ती गव्हाला हात लावत नसे. माझी आई रागावली तरी बोलायची नाही. भाकऱ्या झाल्या की पिठाचा खण असा आपटून लावायची की अख्खी गाडी हलायची. तेवढाच तिचा आवाज. अण्णा म्हणायचे, "जाऊ दे गं."

बोलावणं कधीच आलं नाही. आई गेली, मग अण्णा आजारी पडले, गाडी विकली गेली, अण्णाही गेले. रनाळ्याहून कुणी खांदा द्यायलासुद्धा आलं नाही. मेलेल्या माणसाला पुन्हा कशाला मारायचं, असा विचार केला असेल त्यांनी!

गेल्याच्या आधीच्या उन्हाळ्यात खापरला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले होते. मांडवामागे एका चिकनवाल्याच्या वाड्यात ती दिसली. चाकं नव्हती, काचेच्या जागी जाळी आणि आत कोंबड्या. पण दाराच्या कडीला अण्णांनी बसवलेली पितळी मूठ होती, तिला मी कुठेही ओळखलं असतं. जेवायचं सोडून मी सौदा केला. चिकनवाला म्हणाला, "मॅडम, खुराडं घेऊन काय करणार?" मी म्हटलं, एका माणसाच्या दारात उभं करणार आहे.

आणि मनात तेच होतं. उगाच साजूक बोलत नाही. आईबापाच्या आठवणींनी गहिवरून मी ती गाडी घेतली नाही. मला ती मोठ्या बाबांच्या ओट्यासमोर न्यायची होती, कानबाईच्या मोजणीच्या दिवशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला अण्णांची मूठ हवी होती. एकच. त्यांच्या तोंडून नाव आणि त्यांच्या हातून गहू.

गाडी टेम्पोवर टाकून नंदुरबारला रईसभाईंच्या गॅरेजात आणली. ते डेंटिंग-पेंटिंग करतात, त्यांच्या वडिलांनीही अण्णांची गाडी रंगवली होती. कोंबड्यांची घाण खरवडण्यातच आठवडा गेला. तळाचा पत्रा गंजून चाळण झाला होता, तो कापून नवा वेल्ड केला. इंजिन उतरवून दुरुस्त केलं, चाकं बसवली. पुट्टी, मग घासणं, परत पुट्टी. पुढच्या काचेचं रबर कुठे मिळेना, ते सुरतेहून मागवलं. पाटाला नवं रेक्झिन, खिडक्यांना स्प्रिंगच्या तारेवरचे पडदे. कॉलेज सुटलं की मी पॉलिश पेपर घेऊन बसायचे. घासताना मला फक्त एक चेहरा दिसायचा, त्यामुळे काम झरझर व्हायचं.

जुन्या लाकडातली एकच गोष्ट धड उरली होती — आईचा पिठाचा खण. सागवानी. पण तो घट्ट बसला होता, काही केल्या उघडेना. सुतार म्हणाला फोडून नवा करू. मी हात लावू दिला नाही.

आणखी एक गोष्ट, तेव्हा मी ती रंगाच्या खात्यावर टाकली. पुढे काचेच्या वर अण्णांचं नाव लिहायचं ठरलं होतं. रईसभाईंनी सुंदर लिहिलं. दुसऱ्या दिवशी अक्षरांचे पापुद्रे निघून खाली पडले. त्यांनी घासून परत लिहिलं, परत तेच. बाकी गाडीवर नखाएवढाही रंग उडाला नव्हता. "मॅडम, पूरी गाडीने रंग पकडा, ये नामच नहीं पकडती," रईसभाई वैतागून म्हणाले. मी म्हटलं प्रायमर खराब असेल. ती पट्टी कोरी ठेवून आम्ही गाडी बाहेर काढली.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी रनाळ्यात शिरले. वर पांढरा आणि खाली मोरपंखी रंग, चकचकीत. पोरं मागे पळत होती. गाडी मी थेट मोठ्या बाबांच्या ओट्याला लावली. ओट्यावर गव्हाची रास, पुढे सूप, सगळे भाऊबंद बसलेले. मधोमध मोठे बाबा — म्हातारे झालेले, पण ताठ. त्यांचा मुलगा प्रकाश नावं घेत होता आणि ते मुठी टाकत होते.

"कोनी गाडी शे ही?" त्यांनी विचारलं. मग त्यांना गाडी ओळखू आली असावी, कारण त्यांनी मला विचारलं नाही, स्वतःच म्हणाले, "तू सदानी पोर."

"हां," मी म्हटलं. "अण्णाना नावनी मूठ टाका, मोठा बाबा. एक. मी चालनी जासू."

मोठ्या बाबांनी पागोटं सारखं केलं. "मरेल माणूसनी मूठ नई टाकतस, पोरी."

"जित्ता व्हतात तव्हय तरी कोठे टाकी तुम्ही?"

त्यावर ते प्रकाशला म्हणाले, "पुढलं नाव ले." मी तिथेच उभी राहिले. मनातल्या मनात त्या माणसाला मी काय काय म्हणत होते ते इथे लिहिता येणार नाही.

पुढचं नाव त्यांचंच होतं. त्यांनी गव्हात हात घातला, मूठ भरली, सुपावर आणली, उघडली. हात रिकामा. सुपात एक दाणा पडला नाही.

त्याच क्षणी माझ्या मागे, गाडीत, काहीतरी धाडकन आपटलं. गाडी हलली. मला वाटलं पोरं आत चढली.

लोकांना वाटलं म्हाताऱ्याच्या बोटांतून गहू सांडला. पण मी पुढे उभी होते, मला हात दिसत होता. बोटं घट्ट होती. खाली कुठे दाणे नव्हते. त्यांनी परत मूठ भरली, यावेळी दुसऱ्या हाताने खालून धरून. उघडली, रिकामी. आणि मागे परत तसाच आवाज.

"बाबा, आखो एकदाव टाका," प्रकाश घाबरून म्हणाला. टाकली. रिकामी. प्रकाशने त्यांच्या नावाने स्वतः मूठ भरायला घेतली, तर मोठे बाबाच ओरडले — आपली मूठ घरधन्याने आपल्या हाताने टाकायची असते, नियम त्यांनीच सगळ्यांना शिकवलेला. बिचारा प्रकाश हात आखडून बसला.

मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हाई सदानं काम शे," म्हणाले.

मी गाडीत चढले. आत एकही पोर नव्हतं. जो खण आमच्याने महिनाभर उघडला नव्हता तो सताड उघडा होता आणि त्यात गहू होता. निवडलेला, स्वच्छ, हाताला किंचित कोमट. तुम्ही म्हणाल कोंबड्यांचा दाणा अडकला असेल, खड्ड्यांनी खण सैल झाला असेल. मीही तेच म्हणाले असते. पण कोंबड्यांना मका घालायचे, आणि गाडी ओट्यासमोर बंद उभी होती.

दुसऱ्या दिवशी कुळाने रोट खाल्ले. मोठ्या बाबांची मूठ त्यात नव्हती, म्हणून त्यांना ते खाता आले नाहीत. साधी भाकरी घेऊन ते ओट्याच्या टोकाला बसले होते, असं मला प्रकाशने फोनवर सांगितलं. मला कळवळा यायला हवा होता ना? नाही आला. मी त्या दिवशी पुरण घातलं आणि दोन वाट्या तूप घेऊन जेवले.

वर्षभर प्रकाशचे फोन येत राहिले. बाबांच्या हातात चहाचा कप राहतो, काठी राहते, तंबाखूची चिमूट राहते. धान्य तेवढं राहत नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांनी नसा तपासल्या, सगळं ठीक. पेरणीला बी धरता येईना. नातीच्या लग्नात मंगलाष्टकांना अक्षता हातात घेतल्या आणि टाकायच्या वेळी हात रिकामा. व्याह्यांनी पाहिलं, कुजबुज झाली. "ताई, तो गहू परत दी टाक ना," प्रकाश रडकुंडीला आला. मी म्हटलं, येत्या कानबाईला गाडी शिवेवर उभी असेल. ज्याचा आहे त्याने येऊन घ्यावा, आणि येताना अण्णांना हाक मारावी. जशी कधी मारली नाही तशी.

गेल्या कानबाईला मी त्याच कडुनिंबाखाली गाडी लावली. खणातला गहू तसाच होता. वर्ष झालं तरी त्याला कीड लागली नव्हती. ऊन चांगलं चढल्यावर गावाकडून तिघं येताना दिसली — प्रकाश, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठे बाबा आणि मागे मोठमाय, म्हणजे त्यांची बायको.

मोठे बाबा गाडीच्या पायरीजवळ, जिथे अण्णा बसायचे तिथे, उभे राहिले. पागोटं काढून हातात घेतलं. कोऱ्या पट्टीकडे बघत म्हणाले, "सदा... चाल रे भाऊ, घर चाल."

खरं सांगते, अण्णांना ही हाक हवी होती. ही हाक ऐकली असती तर तो भोळा माणूस अनवाणी धावत गेला असता, सगळं विसरून.

मी खण पुढे ओढला आणि म्हटलं, घ्या. मोठ्या बाबांनी हात घालून मूठ भरली. बाहेर काढून उघडली — रिकामी. गहू खणातच होता. ते रडायलाच लागले. "मी हाक मारी ना! आते काय पाहिजे त्याले?"

तेव्हा मोठमाय पहिल्यांदा बोलली. ती नवऱ्यापुढे कधी तोंड उघडत नाही, असंच मी ऐकून होते. "हाई सदानं काम नई शे," ती म्हणाली. "सदा गरीब व्हता, तो कव्हयच माफ करी टाकता. तो खण तिन्हा शे."

मग तिने सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. एका कानबाईला मोठमाय चोरून, पदराआड रोटाचा तुकडा घेऊन या शिवेवर आली होती. अण्णा गावाकडे तोंड करून बसले होते. आईने तुकडा पाहिला, परत तिच्या पदरात बांधला आणि मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "चोरीसन नको. मोजीसन द्या, मंग लेसू." मग आत जाऊन खण आपटून लावला.

मी त्या खणाकडे बघत राहिले. तो आवाज... ओट्यावर मूठ रिकामी झाली तेव्हाचा. लहानपणी मी तो आवाज ऐकतच वाढले होते, आणि वर्षभर मी सगळं श्रेय अण्णांना देत बसले होते.

मोठ्या बाबांना कळलं असावं की आता कोणाला हाक मारायची. त्यांनी तोंड उघडलं, हात जोडले आणि... थांबले. मोठमायकडे पाहिलं. मोठमायने खाली पाहिलं. प्रकाशकडे पाहिलं, त्यालाही येईना. त्या घरात माझ्या आईचा उल्लेख कायम 'खांडबारावाली' असाच झाला होता. नाव कुणी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, ती गेली तेव्हाही नाही.

शेवटी त्यांनी मलाच विचारलं, अगदी हळू. "पोरी... तुन्ही मायनं नाव काय व्हतं?"

सांगितलं असतं तर दोन अक्षरांत मोकळा झाला असता तो माणूस. म्हातारा, रडवेला, पागोटं हातात. माझ्या जागी अण्णा असते तर लगेच सांगितलं असतं. पण मी दिसायला अण्णांवर आणि रागाने आईवर गेले आहे. मी खण लोटला — लोटला म्हणजे आपटला — सीटवर बसले आणि गाडी सुरू केली. आरशात ते तिघं कडुनिंबाखाली उभे दिसत होते. कुणीतरी येऊन आपल्याला घेऊन जाईल अशा आशेने उभे.

नंतर रईसभाईंकडून आईचं नाव लिहून घेतलं. बाहेर नाही, आत, स्टोव्हच्या वर. पापुद्रा सोडा, साधी चीरसुद्धा पडलेली नाही.

हे सगळं कसं झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही. मूठ कशी रिकामी होते, गहू ओट्यावरून खणात कसा जातो, फिजिक्सच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. गहू अजून खणात आहे.

एवढं सगळं लिहूनही आईचं नाव कुठेच आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. राहून गेलेलं नाही ते. प्रकाश हा ग्रुप वाचतो.